उभा निवडुंग आणि आपल्याकडचा पावसाळा

बेळगाव-खानापूरकडे उभा निवडुंग गेला की बहुतेक वेळा तो जुलै-ऑगस्टात बुडातून कुजून गेलेला असतो. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि हात लावला की कलंडतं. दोष पावसाला दिला जातो, पण काम बिघडलेलं असतं ते मे महिन्यातच, कुंडी भरताना. म्हणून इथे पाण्याआधी मातीबद्दल लिहितोय, आणि मृग निघायच्या आत काय काय उरकायचं त्याबद्दल जरा जास्तच.

आधी झाड कोणतं ते स्पष्ट करू. नर्सरीत ‘सीरियस’ नावानं मिळतो तो, पाच ते आठ धारांचा, निळसर हिरवा, सरळ वर जाणारा निवडुंग. लेबलवर ‘पेरुव्हियानस’ लिहिलेलं असतं, पण त्या एका नावाखाली सीरियस रेपँडस, सीरियस हिल्डमानियानस अशा दोन-तीन जाती सर्रास विकल्या जातात. सगळ्या मूळच्या दक्षिण अमेरिकेकडच्या. निगेत काही फरक नाही, त्यामुळे नावात अडकू नका. कानडी माळ्याकडे नुसती ‘कळ्ळी’ मागितली तर तो थोरापासून फड्या निवडुंगापर्यंत सगळंच दाखवील, तेव्हा काटे बघून घ्या. खऱ्या निवडुंगाचे काटे धारेवरच्या छोट्या लोकरी गादीतून झुबक्यानं निघतात. थोराच्या जातीत काटे जोडीजोडीनं असतात आणि नख लागलं की पांढरा चीक येतो. थोराचं शेवटी सांगतो, कारण तिथे डोळ्यांचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट, जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बेळगाव शहरात साधारण बाराशे ते तेराशे, आणि अथणी-रायबागकडे जेमतेम पाचशे-सहाशे. पुस्तकात किंवा व्हिडिओत ‘निवडुंगाला आठवड्याला एकदा पाणी द्या’ असं सांगितलेलं असतं ते यातल्या कुठल्याच गावाचा विचार करून सांगितलेलं नसतं. आपापल्या गावाचा पाऊस धरूनच पुढचं वाचा.

कुंडीत काय भरायचं

दहा इंची कुंडीला साधारण आठ लिटर मिश्रण लागतं. बेळगाव, खानापूर, उचगाव या पट्ट्यासाठी माझं प्रमाण असं: चार लिटर क्रशरची कच, दीड लिटर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, दीड लिटर तांबडी माती आणि एक लिटर पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. म्हणजे निम्म्याहून जास्त दगड-वीटच. अथणी, रायबाग, गोकाककडे कच तीन लिटर, वीट एक लिटर आणि माती तीन लिटरपर्यंत नेली तरी चालते, कारण तिथे उन्हाळ्यात कुंडी फार लवकर सुकते. मात्र ती माती काळी नको. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, आणि त्या आकसण्यात निवडुंगाची बारीक मुळं तुटतात. मुळाची जखम ओली राहिली की तिथूनच कुज शिरते.

कच म्हणजे तीन ते सहा मिलिमीटरची बारीक खडी. ती आणली तशी वापरायची नाही. धान्याच्या चाळणीतून चाळा, खाली पडलेली भुकटी टाकून द्या, आणि वरची खडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा धुवा. या कामाचा कंटाळा येतो, पण ती दगडाची भुकटी पहिल्या पावसात खाली जाऊन कुंडीच्या तळाशी सिमेंटासारखी बसते. बांधकामाची एम सँड याच कारणासाठी नको, तिच्यात बारीक धूळ फार असते.

शेणखताबद्दल दोन शब्द. उसाच्या पट्ट्यात शेणखतातून हुमणी हमखास येते. पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी. ती मुळं खाते आणि वरून महिना-दोन महिने काहीच कळत नाही. खत कागदावर पातळ पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, अळ्या वेचून काढा, मगच मिसळा. साखर कारखान्याची मळी स्वस्तात मिळते म्हणून बरेच जण वापरतात. उसाला ती उत्तम, निवडुंगाच्या कुंडीत नको. ती पाणी धरून ठेवते आणि झाड भसाभस वाढून सालीला तडे जातात. भाताच्या तुसाची काळी राख एखादी मूठ चालेल, त्याहून जास्त नको, कारण ती माती अल्कधर्मी करते आणि निवडुंगाला किंचित आम्ल माती मानवते.

कुंडी मातीचीच घ्या. खानापूरची कुंभारी माती नावाजलेली आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थासुद्धा तिथेच आहे. न रंगवलेली, भाजलेली कुंडी बाजूनं श्वास घेते आणि वजनामुळे झाड पडत नाही. बाहेरून ऑइलपेंट लावलेली कुंडी दिसायला छान, पण ती आणि प्लास्टिकची कुंडी यात मग काही फरक उरत नाही. भोक अंगठा जाईल एवढं हवं. लहान असेल तर कुंडी भिजवून आतून बाहेर हळूहळू कोरून मोठं करा. भोकावर एक वाकडी खापरी पालथी ठेवली की पुरे. तळाला खडीचा थर द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या. बारीक मातीखाली जाड खडी आली की पाणी त्या सीमेवर अडतं आणि मुळांच्या बरोबर खाली ओल साचून राहते. वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण हवं.

भरून झालं की एक लिटर पाणी एकदम ओता. पाणी वर तळ्यासारखं न साचता दहा-पंधरा सेकंदांत आत शिरलं आणि मिनिटभरात खालून बाहेर आलं, तर मिश्रण जमलं. नाही आलं, तर परत उपसा. आत्ता उपसणं सोपं आहे.

पाणी कधी

तारखेवर पाणी देऊ नका. उदबत्तीची जळून उरलेली कोरी काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटली किंवा ती गार लागली तर पाणी नाही. कोरडी निघाली तर खालून वाहेपर्यंत भरपूर द्या. रोज पेलाभर पाणी शिंपडणं हे सगळ्यात वाईट, त्यानं वरची मुळं कुजतात आणि खालची तहानतात.

या हिशोबानं साधारण अंतर पडतं ते असं. फेब्रुवारी ते मेमध्ये दहा इंची कुंडीला सात ते दहा दिवसांनी. वळीव बरसला तर तेवढं एक पाणी सोडायचं. वळवाचा पाऊस या झाडाला फार मानवतो, कारण दुसऱ्या दिवशी ऊन पडून माती कोरडी होते. जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या झाडाला एक थेंबही नाही, छपराखालच्याला काडी कोरडी निघाली तरच, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी थोडंसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहा-बारा दिवसांनी. डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा, तेही सकाळी. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, पहाटे गारठा चांगला असतो. झाडाला तो गारठा सोसतो, गारठ्यातली ओली माती सोसत नाही.

पूर्वेकडे बोअरचं पाणी मचूळ असतं. कुंडीच्या काठावर आणि बुंध्याशी पांढरी खपली दिसू लागली की ते क्षार आहेत. शक्य असेल तर पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवा. नसेल तर वर्षातून दोनदा कुंडीत तिच्या दुप्पट आकारमानाचं गोड पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा.

धारांमधल्या खाचा खोल गेल्या आणि झाड बारीक दिसू लागलं तर ती तहान आहे. पाणी दिल्यावर चार-सहा दिवसांत ते भरून आलं पाहिजे. नाही आलं तर घाबरून आणखी पाणी देऊ नका; मुळंच गेली असण्याची शक्यता जास्त. कुंडीतून काढून बघा.

मृगाच्या आधी

रोहिणी लागल्या की कामाला लागा. मृग निघतो सात-आठ जूनला, त्याआधी खालचं सगळं झालेलं असावं.

कुंड्यांखालच्या थाळ्या काढून टाका. प्रत्येक कुंडी दोन विटांवर, भोक मोकळं राहील अशी उचलून ठेवा. बुंध्याभोवती साचलेला पाला, वाळकी फुलं झाडून काढा. मग छप्पर. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा दोनशे मायक्रॉनचा यूव्ही प्लास्टिक कागद, वर उतार देऊन आणि चारही बाजू उघड्या ठेवून. बाजू बंद केल्यात तर आत वाफ धरते आणि उघड्यावरपेक्षाही वाईट अवस्था होते. हिरवी जाळी पावसासाठी निरुपयोगी आहे, ऊन अडवते आणि पाणी सोडते, म्हणजे नेमकं उलटं. शहरातल्या माणसाला पश्चिमेचा झोत न येणारी, पूर्वेकडून उजेड येणारी पडवी किंवा बाल्कनी असेल तर तेवढंही पुरतं.

एकदा मातीत कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात ओतून घ्या आणि जुलैअखेर पुन्हा एकदा बुंध्यावर फवारा. हे औषध कुज यायच्या आधी उपयोगाचं. आल्यावर त्यानं काही होत नाही.

उंच झाडांना मृगाआधीच आधार द्या. पश्चिमेचा वारा आणि भिजून मऊ झालेली माती एकत्र आली की मीटरभराचं झाड सहज आडवं होतं, कारण निवडुंगाची मुळं पसरट आणि वरवरची असतात, सोटमुळावर तोललेलं हे झाड नाही. वेळूची काठी बाहेरच्या बाजूनं ठोका आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बांधा. तार किंवा सुतळी नको, ती धारेत रुतते आणि रुतल्या जागी कुज शिरते.

जमिनीत लावायचं असेल तर खानापूर-बेळगावकडे सपाटीवर लावूच नका. दीड-दोन फूट उंच वरंबा करा, निम्मा मुरूम, पाव खडी, पाव माती. काळ्या रानात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तो मुरमानं भरा आणि वर फूटभर उंचवटा ठेवा. नाहीतर तो खड्डा काळ्या मातीतला हौद होतो. भिंतीपासून तीन फूट लांब, आणि पन्हाळीचं पाणी पडतं त्या रेषेत तर मुळीच नाही. असं लावलेलं सीरियस दहा-बारा फूट सहज जातं, म्हणून वरची विजेची तारही बघून घ्या.

फांदीपासून रोप

बियांपासून वर्षं लागतात, फांदीपासून दीड महिना. काळ फेब्रुवारी ते एप्रिल. मेच्या मध्यानंतर नवीन फांदी लावू नये, पावसाआधी तिला पुरेशी मुळं फुटत नाहीत.

फूट-दीड फूट लांबीचा, पेन्सिलीपेक्षा बराच जाड, पक्का हिरवा तुकडा निवडा. वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या घालून पट्टा करा आणि तो झाडाभोवती गुंडाळून धरा. हातमोज्यांतून काटे जातात, या पट्ट्यातून जात नाहीत. सुरी किंवा बारीक दात्यांची करवत स्पिरिटनं पुसून एका दमात काप घ्या. आता कापाकडे बघा. मधोमध पांढुरक्या शिरांचं एक कडं दिसतं, भोवती ओला गर, बाहेर ताठ साल. वाळताना गर आत ओढला जातो आणि साल तशीच राहते, त्यामुळे बूड वाटीसारखं खोलगट होतं आणि त्या वाटीत ओल धरते. म्हणून पेन्सिलीला टोक काढतात तशी धारांची कड चहूबाजूंनी तिरकी छाटा, म्हणजे ते कडं सगळ्यांत खाली येईल. मुळं त्या कड्यातूनच फुटतात.

कापाला गंधकाची भुकटी लावा आणि तुकडा सावलीत, हवेशीर जागी उभा ठेवा. उभाच, आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो आणि कुशीतून मुळं सुटतात, मग रोप कायमचं वाकडं. मनगटाएवढ्या जाडीला पंधरा दिवस, त्याहून जाडीला तीन आठवडे. नखानं वाजवल्यावर काप कडक, बुचासारखा लागला की कोरड्या मिश्रणात दोन-तीन इंच खोल रोवा, तीन काठ्यांचा आधार द्या आणि पहिले दहा दिवस पाणी देऊ नका. पुढे आठवड्याला थोडंसं. चार ते सहा आठवड्यांनी हळूच ओढून बघा, तुकडा धरून राहिला तर मुळं आली. आईच्या झाडाला कापाच्या खालून दोन-चार नवे कोंब फुटतात, तेव्हा उंची आवरायची असेल तरी काळ हाच.

कुज लागलीच तर

बुडाशी तपकिरी रंग दिसला की लगेच करवत काढू नका. जुन्या झाडाचं बूड वयानं बुचासारखं तपकिरी आणि खरखरीत होतं, ते चांगलं लक्षण आहे. अंगठ्यानं दाबा. टणक असेल तर सोडून द्या. मऊ, पाणचट, पिवळसर पारदर्शक लागलं आणि आंबूस वास आला तर ती कुज.

मग खालून वर दोन-दोन इंचांच्या चकत्या घेत जा, दर कापाला सुरी स्पिरिटनं पुसत. पुसली नाही तर तुम्हीच कुज वर नेता. गर पांढरा दिसला तरी थांबू नका, शिरांचं ते कडं बघा. त्यात नारिंगी-तपकिरी ठिपका एक जरी असला तरी आणखी कापा. कडं पूर्ण स्वच्छ दिसल्यावर त्याच्याही वर आणखी इंच-दीड इंच. झाड फार लहान होतं आणि जिवावर येतं, पण ठिपका ठेवून वाचलेलं झाड विरळाच.

हे बहुतेक आषाढात होतं, तेव्हा हवेत काप वाळत नाही. घरात पंख्याखाली वीस दिवस ठेवा. आणि नंतरही लावू नका. जाड सीरियस रिकाम्या कोरड्या कुंडीत उभं ठेवलं तर दोन-तीन महिने मातीशिवाय आरामात राहतं. हस्ताचा पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, की लावा.

किडी, ऊन आणि बाकीचं

धारांच्या बेचक्यात कापसाचे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून टिपा; जास्त असतील तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात दोन मिली साबणाचं द्रावण, संध्याकाळी, आठवड्यानं पुन्हा. ठिपका चिरडल्यावर गडद लाल रंग निघाला तर ती कोचिनिल कीड, फड्या निवडुंगावर जास्त दिसते. ब्रिटिशांनी १७९५ मध्ये लाल रंगासाठी खरी कोचिनिल समजून जी कीड भारतात आणली ती दुसरीच निघाली, आणि तिनं रंगाऐवजी रानोमाळ पसरलेला निवडुंग खाऊन टाकला. शेजारी फड्या निवडुंग असेल तर त्यावर नजर ठेवा.

मार्च-मेच्या कोरड्या हवेत शेंड्याजवळ गंजासारखा थर चढला तर लाल कोळी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण फक्त संध्याकाळी; उन्हात फवारलं तर साल भाजते. पावसाळ्यात गोगलगाई रात्री कोवळा शेंडा खरवडतात. कुंड्या विटांवर असल्या की त्या शोधून उचलणं सोपं जातं. कुंडीभोवती मीठ टाकू नका, ते मातीत उतरतं.

नर्सरीतलं झाड हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. ते आणून थेट एप्रिलच्या उन्हात ठेवलं की पश्चिमेच्या बाजूला पांढरट चट्टा पडतो, आणि तो जन्मभर राहतो. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन, मग दर आठवड्याला दोन तास वाढवत तीन-चार आठवड्यांनी पूर्ण ऊन. उत्तरेची बाजू खडूनं खूण करून ठेवा आणि जागा बदलताना तीच दिशा राखा. नव्या वाढीवर जी निळसर भुकटी असते ती मेणाची, उन्हापासून राखणारी. ती बोटांनी पुसली गेली की त्या जागी परत येत नाही, म्हणून झाड उचलताना नेहमी बुडाशी धरा.

उलट उजेड कमी पडला तर शेंडा बारीक, फिकट होत जातो. नंतर ऊन दिलं तरी तो बारीक भाग जाड होत नाही, वरचं वजन वाढून तिथेच मोडतो. फेब्रुवारीत तो भाग छाटून टाका.

खत फार नको. मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात महिन्यातून एकदा १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीतच. कुंडी दर दोन-तीन वर्षांनी, फक्त दोन इंचांनी मोठी.

फूल यायला झाड साधारण चार-पाच फुटांचं आणि उन्हातलं लागतं. वीतभर रुंदीचं पांढरं फूल रात्री उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. फळ हवं असेल तर वेगळ्या झाडाचा पराग लागतो. एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली दहा रोपं एकमेकांना चालत नाहीत. दुसऱ्या गावाहून आणलेली एखादी फांदी शेजारी लावा, आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला मऊ कुंचल्यानं पराग या फुलातून त्या फुलात फिरवा.

आता थोर. ट्रायगोना, तीनधारी आणि कुंपणावरचा आपला काटेरी थोर यांना माती, पाणी, छप्पर सगळं वरच्यासारखंच. ट्रायगोना थोड्या सावलीतही तग धरते आणि थंडीत पानं गाळते, ती मेलेली नसते. फरक चिकाचा. छाटताना चष्मा घाला, डोळ्यांच्या उंचीवरची फांदी कधीही कापू नका, आणि लहान मुलं, गुरं त्या वेळी आसपास नकोत. कापलेला तुकडा लगेच कोमट पाण्यात बुडवून धरा, चीक थांबतो; मग आठ-दहा दिवस वाळवून लावा. अंगावर उडाला तर साबणानं धुवा. डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आग कमी झाली तरी. आणि जाताना झाडाचं नाव कागदावर लिहून न्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.